आयपी फोनवरून बाहेर कॉल लावला की आवाज घुमतो, तुटतो, टकटकतो: दोष कुठे शोधायचा

ऑफिसातल्या ऑफिसात दोन आयपी फोनवर बोललं तर आवाज खणखणीत येतो. बाहेरच्या लँडलाइनला किंवा मोबाइलला कॉल लावला की मात्र कधी स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, कधी समोरच्याचे शब्द तुटतात, कधी मागे सतत गुणगुण चालू राहते. नेट बदललं, राउटर बदलला, चार दिवस बरे गेले आणि तक्रार पुन्हा हजर. दोष परत येतो याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: तो कुठल्या टप्प्यावर आहे हे न ठरवताच काहीतरी बदललेलं असतं.

इथे डोळ्यासमोर आहे ते १० ते ३० एक्स्टेंशनचं ऑफिस. आत ॲस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारं पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज (फ्रीपीबीएक्स किंवा तसंच काही), आणि बाहेर जायला तीनपैकी एक वाट: तांब्याच्या लँडलाइनला आयपीशी जोडणारा एफएक्सओ गेटवे, पीआरआय लाइन (एका जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन), नाहीतर सिप ट्रंक (कंपनीपर्यंत आयपीवरूनच जाणारी जोडणी). ही जोडणी परवाना असलेल्या दूरसंचार कंपनीकडूनच घ्या. कायद्याने ते लागतंच, शिवाय दोष त्यांच्या बाजूला निघाला तर तक्रार ऐकून घेणारं कुणीतरी पलीकडे असावं लागतं.

पहिला प्रश्न: ऐकू कोणाला येतं?

‘आवाज खराब येतो’ एवढ्या तक्रारीवरून काहीच करता येत नाही. कोणाला खराब येतो, हे कळलं की अर्धं काम झालं.

तुमच्या माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर तो पलीकडून परत आलेला आहे. म्हणजे गेटवे, तांब्याची लाइन किंवा समोरच्याचा फोन. गिऱ्हाइकाला स्वतःचा आवाज परत ऐकू येत असेल, तर तो तुमच्याकडून परत जातोय. म्हणजे तुमचा आयपी फोन, त्याचा स्पीकर, किंवा हेडफोन न लावता लॅपटॉपवर चालवलेला सॉफ्टफोन. ज्याला त्रास होतो त्याच्या टेबलावरचा फोन बदलण्याची सवय इथे अगदी उलटी पडते.

शब्द तुटत असतील तर हिशेब वेगळा. तुमच्या माणसाला तुटक ऐकू येत असेल तर येणाऱ्या दिशेने पॅकेट (आवाजाचे छोटे डेटा-तुकडे) गळतात, गिऱ्हाइकाला तुटक ऐकू येत असेल तर जाणाऱ्या दिशेने. दोघांनाही तुटक येत असेल तर ऑफिसचं नेटवर्क किंवा पीबीएक्सचा संगणक आधी तपासा.

म्हणून एक आठवडाभर साधी वही ठेवा. तारीख, वेळ, एक्स्टेंशन, बाहेरचा नंबर लँडलाइन की मोबाइल, कॉल कोणी लावला, कुठल्या लाइनवरून किंवा चॅनेलवरून गेला, कोणाला काय ऐकू आलं. आठ-दहा नोंदी झाल्या की सगळ्या तक्रारी एकाच लाइनच्या आहेत, किंवा सगळ्या सकाळी ११ ते १ मधल्या आहेत, असं काहीतरी दिसायला लागतं.

वही भरत असतानाच दोन चाचण्या करून घ्या. आयपी फोनवरून स्टार ४३ लावा. फ्रीपीबीएक्समध्ये ही इको टेस्ट आहे. बोललेलं तसंच परत ऐकू येतं. इथेच आवाज तुटला तर बाहेरच्या लाइनचा काही संबंध नाही, फोन ते पीबीएक्स एवढ्याच टप्प्यात दोष आहे. दुसरी चाचणी तांब्याच्या लाइनची. गेटवेतून वायर काढून तिथे साधा फोन लावा, डायल टोन थांबवण्यासाठी एकच आकडा दाबा आणि काही सेकंद नुसतं ऐका. लाइन चांगली असेल तर जवळजवळ शांतता असते. खरखर किंवा गुणगुण ऐकू आली तर गेटवेच्या सेटिंगला हात लावू नका, आधी लाइन दुरुस्त करून घ्या.

आवाज घुमतो

घरोघरी येणारी लँडलाइन दोन तारांची. त्याच जोडीवरून जाणारा आवाजही जातो आणि येणाराही येतो. गेटवेच्या आत मात्र दोन्ही दिशा वेगळ्या असतात. या दोन पद्धती जिथे जुळतात तिथे हायब्रिड नावाचा भाग बसतो, आणि लाइनचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) त्याच्याशी नीट जुळला नाही तर जाणाऱ्या आवाजातला काही हिस्सा तिथूनच मागे फिरतो. हे जुन्या फोनमध्येही व्हायचं. पण परत आलेला आवाज २५ मिलिसेकंदांच्या आत आला तर कानाला तो वेगळा कळत नाही. आयपीवर एक पॅकेट भरायलाच २० मिलिसेकंद लागतात, त्यात दोन्ही टोकांचे जिटर बफर (पुढेमागे येणारी पॅकेट थोपवून सारख्या गतीने सोडणारी जागा) ४० ते ६० मिलिसेकंदांचे, वर नेटवर्कचा वेळ. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद सहज ओलांडले जातात, आणि जो प्रतिध्वनी वर्षानुवर्षं लाइनवर होताच तो आता ऐकू येऊ लागतो. लाइन बिघडली नाही. उशिरामुळे तिचा दोष उघडा पडला.

इलाजाचा क्रम असा ठेवा.

१. गेटवेवर देश भारत निवडा. डाहडीच्या (ॲस्टेरिस्कला लाइनची कार्डं जोडणारं सॉफ्टवेअर) ॲनालॉग कार्डांना ऑपरमोड इंडिया असा पर्याय आहे. आयात केलेल्या गेटवेवर बरेचदा अमेरिकेचं सेटिंग तसंच राहिलेलं असतं.

२. रिसीव्ह गेन आणि ट्रान्समिट गेन (येणारा आणि जाणारा आवाज किती वाढवायचा ते) दोन्ही ० डेसिबलवर आणा. ही पायरी गाळू नका.

३. इम्पिडन्स आधी ६०० ओहम ठेवून ऐका. नंतर युरोपीय धाटणीचा मिश्र पर्याय निवडा: २७० ओहम, आणि त्याच्यापुढे ७५० ओहम व १५० नॅनोफॅरड समांतर. ज्यात प्रतिध्वनी कमी तो ठेवा. प्रत्येक लाइनवर वेगळं बघा, कारण एक्स्चेंजपासूनचं अंतर आणि केबल वेगळी असते. काही डाहडी कार्डांना यासाठी एफएक्सओट्यून नावाचं साधन आहे. ते प्रत्येक पोर्टवर चाचणी घेऊन आकडे स्वतः बसवतं.

४. एको कॅन्सलर (प्रतिध्वनी पुसणारी सोय) चालू आहे का आणि त्याची लांबी किती, ते बघा. गेटवे आणि लाइन जवळ असेल तर १६ ते ३२ मिलिसेकंद पुरतात. कॉल लांबच्या जाळ्यातून जाऊन पलीकडच्या हायब्रिडवरून आवाज परत येत असेल तर ६४ किंवा १२८ लागतात.

दुसऱ्या पायरीवर थोडं थांबू, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. ‘आवाज बारीक येतो’ म्हणून कुणीतरी एकदा गेन +५ केलेला असतो, दुसऱ्या दिशेलाही +५. समजा त्या लाइनवरून प्रतिध्वनी १० डेसिबलने कमी होऊन परत येत होता. जाताना ५ वाढवले, येताना ५ वाढवले, म्हणजे आता तो मूळ आवाजाइतकाच जोरात परत येतो. जी.१६८ या मानकाचे कॅन्सलर प्रतिध्वनी निदान ६ डेसिबलने कमी असेल असं धरून बनवलेले असतात. त्याहून मोठा आला तर त्यांना तो प्रतिध्वनी आहे की समोरचा माणूस बोलतोय हेच कळत नाही, आणि ते काम सोडून देतात. म्हणून बारीक आवाजावर पहिला इलाज लाइनचा दोष शोधणं हा, आणि अगदीच गरज पडली तर गेन एका वेळी १ डेसिबल, एकाच दिशेने.

कॉल लागल्यावर पहिलं सेकंद-दोन सेकंद किंचित घुमून मग थांबणं ठीक आहे. तेवढ्यात कॅन्सलर लाइन ओळखतो. पूर्ण कॉलभर घुमणं हा दोष.

गिऱ्हाइकाला घुमत असेल तर चाचणी सोपी. ते बोलत असताना तुमच्या फोनचं म्यूट दाबा. घुमणं थांबलं तर तुमच्या मायक्रोफोनमध्ये तुमच्याच स्पीकरचा आवाज शिरतोय. हँडसेटचा आवाज दोन पायऱ्या खाली आणा, स्पीकरफोन टाळा, हेडसेट द्या. गेटवेचा एको कॅन्सलर इथे काही करू शकत नाही, तो फक्त लाइनचा प्रतिध्वनी ओळखतो.

शब्द तुटतात, आवाज रोबोटसारखा होतो

जी.७११ या कोडेकचा (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) मूळ वेग ६४ किलोबिट प्रतिसेकंद. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये आवाजाचे १६० बाइट आणि त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी यांचे मिळून ४० बाइट. सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे ८० किलोबिट. इथरनेटची भर धरली तर ८७.२. दहा कॉलना एका दिशेला ८७२ किलोबिट. आजच्या फायबरवर हे काहीच नाही, म्हणूनच ‘आमच्याकडे १०० एमबीपीएस आहे, मग आवाज का तुटतो’ हा प्रश्न येतो.

आवाज तुटतो तो वेग कमी पडल्यामुळे कमी आणि रांगेमुळे जास्त. कुणीतरी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवतं, सीसीटीव्हीचा बॅकअप सुरू होतो, आणि राउटरच्या अपलोडच्या रांगेत आवाजाची पॅकेट त्या फाइलच्या मागे उभी राहतात. तपासायला एक फाइल अपलोडला लावा आणि त्याच वेळी ट्रंकच्या सर्व्हरला पिंग चालू ठेवा. एरवी १५ मिलिसेकंद येणारा पिंग १५०-२०० वर गेला तर दोष सापडला. राउटरवर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग तुमच्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागेल, आणि तिथे केक किंवा एफक्यू-कोडेल (मोठ्या फाइलमागे छोटी पॅकेट अडू न देणारी रांगेची पद्धत) चालू करा. आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण लावा. सार्वजनिक इंटरनेटवर पुढे तिला कुणी मान देईलच असं नाही, पण तुमच्या स्विचवर आणि राउटरवर ती कामाची आहे.

जुन्या कॉपर ब्रॉडबँडवर अजून काम चालत असेल तर गणित कडक आहे. ५१२ किलोबिटच्या अपलोडवर १५०० बाइटचं एकच मोठं पॅकेट बाहेर पडायला २३ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ आवाजाचं पॅकेट थांबतं, रांग कितीही हुशार असो.

अपलोड मोकळा असूनही तुटत असेल तर स्विच बघा. एका बाजूला पोर्ट १०० फुल डुप्लेक्सवर पक्का केलेला आणि दुसरी बाजू ऑटोवर, असं असेल तर ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स धरते. रिकाम्या वेळी सगळं छान चालतं, गर्दी झाली की पॅकेट पडतात. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा. वाय-फायवर चालणारे फोन शक्य तिथे वायरवर घ्या. नसेल जमत तर ५ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूएमएम (वाय-फायवर आवाजाला प्राधान्य देणारी सोय) चालू.

पुरावा हवा असेल तर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर). टेलिफोनी मेनूत आरटीपी, त्यात आरटीपी स्ट्रीम्स. प्रत्येक दिशेची गळती, सर्वांत मोठं अंतर आणि जिटर (पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार) तिथे दिसतं. एकाच कॉलचं कॅप्चर दोन ठिकाणी घ्या: पीबीएक्सच्या पोर्टवर आणि राउटरच्या बाहेरच्या बाजूला. जाणारी पॅकेट आत पूर्ण आणि बाहेर कमी, तर दोष राउटरचा. येणारी पॅकेट बाहेरच कमी पोहोचत असतील तर ती पुढच्या जाळ्यात गळालेली आहेत. गळती १ टक्क्याच्या आत आणि जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत असावा. पण सरासरीवर विसंबू नका. सुटं एखादं पॅकेट गेलं तर फोन ती जागा भरून काढतो. सलग पाच गेली तर १०० मिलिसेकंद गेले, आणि ‘बेचाळीस’ मधला ‘बे’ जवळपास तेवढ्यातच गडप होतो. ऑर्डर घेणाऱ्याने चाळीस लिहून घेतलं की ती चूक नेटवर्कची आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

जिटर बफर वाढवल्यावर तुटणं कमी होतं, पण तेवढा उशीर वाढतो. आयटीयूच्या जी.११४ शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत असावं. ४०० च्या पुढे जाऊच नये. २०० च्या पुढे दोघंही एकदम बोलायला लागतात. क्लाउड पीबीएक्स वापरत असाल तर आवाज कुठून फिरून येतो ते विचारा. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. नागपूरहून पुण्याला केलेला कॉल अमेरिकेतल्या सर्व्हरवरून फिरत असेल तर १३ हजार किलोमीटरच्या एका फेरीचेच ६५ मिलिसेकंद, आणि तिथून परत यायचे तितकेच. त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. सर्व्हर मुंबईचा मागा.

पीआरआयवर ठरावीक अंतराने टक्, आणि फॅक्स जात नाही

हा दोष ओळखायला सोपा आणि तरीही वर्षानुवर्षं तसाच राहतो. टकटक गर्दीवर अवलंबून नसते. रात्री २ वाजता एकच कॉल असला तरी तितकीच येते.

पीआरआय ज्यावर येते ती ई-वन लाइन २.०४८ मेगाबिटची, सेकंदाला ८००० फ्रेम, एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. एक्स्चेंजचं घड्याळ आणि तुमच्या कार्डाचं घड्याळ वेगळ्या गतीने चाललं की फरक साठत जातो आणि १२५ मायक्रोसेकंद भरले की एक फ्रेम गळते किंवा दोनदा येते. यालाच स्लिप म्हणतात. दशलक्षात एक इतका फरक असेल तर दर १२५ सेकंदांनी एक स्लिप. दशलक्षात ५० असेल, जे साध्या क्रिस्टलला अशक्य नाही, तर दर अडीच सेकंदांनी. बोलण्यात ती बारीक टक् म्हणून जाते, फॅक्सचं पान मात्र तिथेच तुटतं.

तुमच्या कार्डाने घड्याळ एक्स्चेंजकडून घ्यायचं, स्वतःचं चालवायचं नाही. डाहडीच्या सिस्टिम कॉन्फ फाइलमध्ये स्पॅनच्या ओळीत पहिला आकडा स्पॅनचा क्रमांक, दुसरा घड्याळाचा. तो ० असेल तर कार्ड त्या लाइनकडून घड्याळ घेत नाही, १ करा. त्याच ओळीत एचडीबी३ आणि सीआरसी४ कंपनीच्या सेटिंगशी जुळतात का तेही बघून घ्या. बदल केल्यावर स्लिपची मोजणी शून्यावर आणा आणि तासाभराने बघा. आकडा हलायला नको.

दोन कंपन्यांच्या पीआरआय एकाच कार्डावर असतील तर कार्ड एकाचंच घड्याळ पाळेल, दुसरीवर स्लिप येणारच, अशी भीती असते. दोन्हीकडची मूळ घड्याळं जी.८११ दर्जाची असतील तर त्यांच्यातला फरक इतका सूक्ष्म असतो की फार तर ७२ दिवसांत एक स्लिप. दिवसाला दहा येत असतील तर मध्ये कुठेतरी स्वतःच्या क्रिस्टलवर चालणारं यंत्र बसलेलं आहे. हल्ली पीआरआय म्हणून दिलेली लाइन बरेचदा फायबरवरून सिपने येते आणि तुमच्या जागेत एका छोट्या डब्यात ई-वन होते. तो डबा आधी संशयात धरा.

आवाज कर्कश किंवा दबलेला

भारतात आणि युरोपात जी.७११ चा ए-लॉ प्रकार चालतो, अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ. सीमेपलीकडच्या कॉलमध्ये रूपांतर म्यू-लॉ वापरणाऱ्या देशाने करायचं असा नियमच आहे. तुमच्या ऑफिसात मात्र ती जबाबदारी तुमची. फोन म्यू-लॉवर, ट्रंक ए-लॉवर, तर पीबीएक्स प्रत्येक कॉल उगाच बदलत बसतो; आणि एखाद्या कार्डाला चुकीचा प्रकार सांगितला असेल तर आवाज फाटका, कर्कश येतो. सरळ मार्ग: फोनवर आणि ट्रंकवर आधी सगळे कोडेक बंद, मग फक्त ए-लॉ चालू.

बँडविड्थ वाचवायला जी.७२९ लावण्याचा मोह आता सोडून द्यावा. ई-मॉडेलमध्ये (कॉलच्या दर्जाला गुण देणारी पद्धत) सगळं उत्तम असेल तर गुण ९३.२. एकदा जी.७२९-ए वापरलं की ११ वजा. शाखेपासून मुख्य ऑफिसपर्यंत जी.७२९-ए, तिथे उलगडून पुढे ट्रंकवर पुन्हा जी.७२९-ए, म्हणजे २२ वजा, राहिले ७१. ७० च्या खाली अनेकांना त्रास जाणवतो, आणि अजून समोरच्या मोबाइलचा कोडेक, उशीर आणि गळती यांचे गुण कापायचेच आहेत.

शब्दाची सुरुवातच गायब होत असेल, ‘नमस्कार’चं ‘मस्कार’ ऐकू येत असेल, तर शांततेत पॅकेट न पाठवण्याची सोय चालू आहे. व्हीएडी किंवा सायलेन्स सप्रेशन नावाने ती फोन, गेटवे आणि पीबीएक्स तिन्हीकडे सापडते. तिन्हीकडे बंद करा.

बँकेच्या आयव्हीआरला (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारी यंत्रणा) आकडे कळत नसतील तर डीटीएमएफ (बटणांचे टोन) आरएफसी ४७३३ वर ठेवा. काही फोनवर जुनं नाव २८३३ दिसेल. फॅक्ससाठी टी.३८ (आयपीवरून फॅक्स पाठवण्याचं मानक), नाहीतर ए-लॉ आणि व्हीएडी बंद.

पावसाळ्यातली खरखर

जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपर्यंत आपोआप कमी होणारी खरखर ही केबलच्या जोडात शिरलेल्या पाण्याची. गेटवेचा यात दोष नाही. लाइन मोकळी असताना दोन तारांमध्ये ४८ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, फोन उचलल्यावर ६ ते १२. मोकळी असतानाच व्होल्टेज पडलेलं किंवा सारखं हलत असेल तर जोड ओला आहे. लाइनमनला खांबावरच्या डब्यापासून तुमच्या रोझेटपर्यंतचा प्रत्येक जोड उघडून बघायला सांगा. एकसारखी खोल गुणगुण असेल तर ती ५० हर्ट्झची, विजेच्या वायरीला चिकटून गेलेल्या फोनच्या तारेची. निदान फूटभर लांब घ्या, आणि वीज ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

कंपनीकडे तक्रार करताना

‘आवाज खराब’ असं लिहिलं की तिकीट दुसऱ्या दिवशी ‘लाइन तपासली, ठीक आहे’ म्हणून बंद होतं. तक्रारीत तीन कॉल द्या, २४ तासांच्या आतले. प्रत्येकाची वेळ सेकंदासह (त्यासाठी पीबीएक्सचं घड्याळ एनटीपीवर, म्हणजे नेटवरून अचूक वेळ घेण्यावर, लावलेलं हवं, नाहीतर त्यांच्या नोंदीत तो कॉल सापडत नाही), कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, सिप असेल तर कॉल आयडी, पीआरआय असेल तर चॅनेल क्रमांक आणि तासाभरातल्या स्लिपची संख्या. दोष कुठल्या दिशेला ते स्पष्ट लिहा, आणि राउटरच्या बाहेरच्या बाजूचं वायरशार्क कॅप्चर जोडा. जोडण्यापूर्वी ते उघडून बघा. त्यात गिऱ्हाइकाचं पूर्ण बोलणं ऐकू येतं, म्हणून चाचणीसाठी स्वतःच्याच मोबाइलवर लावलेले कॉल पाठवा.